आपली जागा: धोंडूतात्यांची मांडी

मला एक सीट हवी होती. गणपतीला गावी जाणाऱ्या मंडळाच्या गाडीतली, कुठलीही. चाकावरची चालेल, मागच्या बाकावर मधोमध चालेल, पण माझ्या नावाची. आणि ती मिळणार नव्हती, कारण वैशाखात माझं लग्न झालं होतं.

आमच्या खांबळवणे ग्रामस्थ मंडळाचा (मुंबई शाखा, मुक्काम लालबाग) नियम असा, की गाडीतल्या जागा घराला मिळतात. घर म्हणजे बाप, मुलगे, त्यांच्या बायका आणि पोरं. लग्न झालेली मुलगी पाहुण्यांच्या यादीत जाते, आणि पाहुण्यांना जागा मिळते ती उरली तर. आता गणपतीच्या गाडीत जागा उरते का? दिवाळीत फराळ उरेल एकवेळ.

"तुझा नाव पावण्यांत घातलंय हां," बाबा फोनवर म्हणाले. माझे बाबा, बाबुराव, मंडळाचे सेक्रेटरी. डाळीत मीठ घातलंय हां, अशा सुरात त्यांनी ते सांगितलं. मला इतका राग आला की मी फोन ठेवून नवऱ्यावर ओरडले.

सम्यक बिचारा म्हणाला, "अगं ट्रेनने जाऊ ना आपण. नाहीतर प्रायव्हेट गाडी करू. टेन्शन काय त्यात?"

"प्रश्न गाडीचा नाहीये!"

"मग कसला आहे?"

प्रश्न आईचा होता. जन्मापासून मी गणपतीला आईच्या शेजारी बसून गावी गेले. रात्रभर तिच्याशी भांडायचं, तिच्या खांद्यावर लाळ गाळत झोपायचं, आणि दुसऱ्या दिवशी चुलीपाशी तिच्या शेजारी बसून तिच्या शिव्या खात मोदक वळायचे. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला मला तेच सगळं हवं होतं, आणि ते पाहुणी म्हणून नको होतं. सासरची आडकाठी नव्हती. सम्यकचं घर नायगावचं, बौद्ध, त्यांच्याकडे गणपती बसत नाही. सासूबाई तर म्हणाल्या, "जा गं खुशाल. तेवढेच दिवस रिमोट माझ्या हातात."

आता माझा धंदा सांगते. लोअर परळच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंट लिहिते. म्हणजे गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्याच्या तोंडून काढायचं आणि प्रोग्रॅमरला कळेल असं लिहून द्यायचं. ऐकायला सोपं आहे. पण आपल्याला काय हवंय हे माणसाला नीट ठाऊक नसतं, आणि जे ठाऊक असतं ते त्याला सांगायची गरज वाटत नाही. आई शेजारणींना माझ्याबद्दल सांगते, "आमचा चेडू कंपनीत अर्ज लिहिता." फारसं चूक नाही.

तर मी माझ्या धंद्यातलीच युक्ती काढली. बाबांना म्हटलं, दरवर्षी सीटा वाटताना तुमचं ब्लडप्रेशर वाढतं, मंडळाला एक अ‍ॅप करून देते. नियम मी लिहीन, अ‍ॅप तुमचा जावई करेल, फुकटात. बाबा 'फुकटात' ऐकूनच पाघळले. आणि नियम मी लिहिणार म्हटल्यावर त्यात माझाही एक नियम घुसणार, हे काय सांगायला हवं?

मी घरोघर फिरून प्रत्येकाला काय हवंय ते विचारलं. लालबाग, परळ, एक घर माटुंग्यालासुद्धा. कालिंदीकाकू म्हणाल्या, "माका गाडी लागता, माका फुडची सीट व्हयी." भजनवाले म्हणाले, आम्हाला एकत्र बसवा. बाकीचे म्हणाले, भजनवाल्यांना आमच्यापासून लांब बसवा. मंडळाचे अध्यक्ष धोंडूतात्या म्हणाले, "ज्येष्ठांका मान व्हयो." मी विचारलं, ज्येष्ठ म्हणजे किती वर्षांचा?

"जेका बगून आपण उठतो, तो ज्येष्ठ," तात्या म्हणाले.

मी ते तसंच लिहून घेतलं. ऑफिसात एखाद्या ज्युनियरने असं लिहिलं असतं तर मी त्याला सोलून काढलं असतं. पण माझं लक्ष कुठे होतं त्या नियमांत! माझं सगळं लक्ष एका ओळीवर होतं, आणि ती मी चादरी कुणी आणायच्या आणि नारळ कुठे ठेवायचे या दोन नियमांच्या बेचक्यात बसवली होती: 'लग्न झालेल्या मुलीला तिच्या माहेरच्या घराची सदस्य धरावे व तिला तिच्या भावाइतकाच सीटचा हक्क असावा.'

मंडळाची सभा लालबागच्या गावकऱ्यांच्या खोलीत भरते. पुरुष मधे सतरंजीवर आणि बायका मोरीच्या बाजूला चहा गाळत, अशी जुनी मांडणी. सभेच्या आधी रवळनाथाच्या फोटोपुढे नारळ ठेवून तात्या गाऱ्हाणं घालतात. म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने मोठ्याने विनवणी, आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी एका सुरात हो म्हणायचं.

"बा देवा रवळनाथा! तुझी लेकरां मुंबैत ऱ्हवतत, तेंची राखण कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खोली दणाणली.

"खंय काय चुकला-माकला आसात, ता पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं संपलं. तात्यांनी मला खूण केली, "हां, वाच गो." नारळ अजून तिथेच होता. मी उभी राहिले, फोटोच्या शेजारीच, आणि वाचायला लागले. "अ‍ॅपने सर्व सभासदांची नोंद ठेवावी."

मी श्वास घ्यायला थांबले.

"व्हय म्हाराजा!" खोली म्हणाली.

मी दचकून वर पाहिलं. सगळे अर्धवट डोळे मिटून, हात जोडून बसले होते. नारळ समोर आहे, कुणीतरी उभं राहून 'असं व्हावं, तसं व्हावं' म्हणतंय, तर आमच्या माणसांचं तोंड आपोआप उघडतं. त्यात मेंदूचा काही संबंध नसतो.

"अ‍ॅप जलद असावे."

"व्हय म्हाराजा!"

"ज्येष्ठांना पुढची जागा मिळावी. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढची जागा मिळावी. भजनवाल्यांनाही पुढची जागा मिळावी."

"व्हय म्हाराजा!"

"जागा कमी पडल्यास घरातल्या धाकट्याने थोरल्याच्या मांडीवर बसावे."

"व्हय म्हाराजा!"

मी थांबायला हवं होतं. 'अहो, ऐका तरी, हे गाऱ्हाणं नाही' असं म्हणायला हवं होतं. पण आयता पिकलेला फणसाचा गरा कोण सोडतं? मी वेग वाढवला. चादरी, व्हय म्हाराजा. माझी ओळ, व्हय म्हाराजा. नारळ, व्हय म्हाराजा. बाबांनी कागदावर 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं, तात्यांनी सही केली, आणि मी घरी येऊन सम्यकला मिठी मारली.

सम्यक चांगला प्रोग्रॅमर आहे. म्हणजे लिहिलंय ते करतो आणि नाही लिहिलं ते करत नाही. त्याने मला दोनदा विचारलं, "अक्षदा, हे ज्येष्ठ म्हणजे नक्की कोण? आणि मांडीवरचं हे असंच ठेवायचं?" मी म्हटलं, "सर्वानुमते मंजूर आहे. तू कोड लिही." नवऱ्याने तोंडावर बोट ठेवलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

रविवारी खोलीत सगळ्यांनी मोबाइल काढले. बाबांनी हळद-कुंकू वाहिलेल्या लॅपटॉपवरचं बटण दाबलं आणि सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले.

क्षणभर आनंदीआनंद झाला. "माका फुडची मेळली!" कालिंदीकाकू ओरडल्या. "माका पण!" "माका पण फुडचीच!" मग आवाज हळूहळू खाली आले. कारण अ‍ॅपमध्ये 'तुम्ही ज्येष्ठ आहात का?' असा प्रश्न होता आणि सगळ्यांनी हो म्हटलं होतं. 'गाडी लागते का?' यालाही सगळे हो. त्यात एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरसुद्धा होते, ज्यांचा जन्म गाडीत गेला. आणि भजनी मंडळात त्या रविवारी इतकी भरती झाली होती की टाळ कमी पडले असते. अख्ख्या गावाला ड्रायव्हरच्या मागची एकच सीट मिळाली होती.

तेवढ्यात कोपऱ्यातून सीतारामकाकांचा आवाज आला, "बाबुराव, ह्या काय आसा?"

सीतारामकाका म्हणजे धोंडूतात्यांचे सख्खे धाकटे भाऊ. वय सत्तरीच्या घरात, वजन तात्यांच्या दीडपट. गावच्या एका फणसाच्या झाडावरून दोघांचं बोलणं बंद आहे, ते माझ्या जन्माच्या आधीपासून. काकांनी मोबाइल बाबांपुढे धरला. बाबांनी मोठ्याने वाचलं आणि वाचल्यावर त्यांना कळलं की ते मोठ्याने वाचायला नको होतं.

"आपली जागा: श्री. धोंडू यांची मांडी. प्रवास सुखाचा होवो."

तात्यांनी स्वतःच्या मांडीकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं.

"मी मेलंय तरी बसूचंय नाय," सीतारामकाका म्हणाले.

"तुका बसवता कोण!" तात्या गरजले. इतक्या वर्षांत भाऊ भावाशी पहिल्यांदा बोलला. माझ्या रिक्वायरमेंटने काही चांगलं केलं असेल तर तेवढंच.

पुढचं सांगत नाही. पोरांना हसू आवरेना, मोठ्यांना राग आवरेना. बाबांचा चेहरा पडला. "जावंदे," ते म्हणाले, "आपली चिठ्ठीच बरी. जुने नियम, जुनी यादी." म्हणजे मी पुन्हा पाहुणी. केलं सवरलं सगळं मुसळ केरात.

घरी येताना मी सम्यकवर तोंडसुख घेतलं. "तुला कळत नव्हतं? म्हातारा माणूस म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर कसा बसेल?"

"मला कळत होतं. कॉम्प्युटरला नाही कळत. धाकटा म्हणजे लहान पोर हे तू लिहिलं नाहीस," सम्यक शांतपणे म्हणाला. हा माणूस भांडणात शांत राहतो, फार वाईट सवय आहे. "आणि एक विचारू? चादरी आणि नारळाच्या मधली ती ओळ. ती तू चोरून घातलीस ना?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"अख्ख्या यादीत तेवढी एकच ओळ धड होती," तो म्हणाला. "कोणाला, काय, किती, सगळं स्पष्ट. मला एक प्रश्न विचारावा लागला नाही. खरंच हवं असलं की तू बरोबर लिहितेस. मग तेच उघड उघड माग ना. लपवून कशाला मंजूर करतेस? उद्या कोणी वाचलं तर खोडतील."

मी बाबांना फोन केला आणि गयावया करून एक सभा आणखी मागितली. अटी तीन: नारळ नको, फोटोवर पडदा, आणि माझ्या प्रत्येक वाक्याला निदान एकाने तरी 'नाय' म्हणून बघायचं.

ती सभा मला जन्मभर आठवेल. 'नाय' म्हणायची परवानगी मिळाल्यावर खांबळवण्याची माणसं अशी काही खुलली! ज्येष्ठ म्हणजे आधारकार्डावर पंच्याहत्तर, यावर तास गेला, कारण तात्यांच्या कार्डावर वय कमी लागलेलं निघालं. कुणाला गाडी लागते हे ठरवायला शेजाऱ्याची साक्ष हवी, असं ठरलं. कालिंदीकाकूंच्या बाजूने तर साक्षीदारांची रांग लागली, त्यातल्या दोघांनी गेल्या वर्षीच्या शर्टांचा उल्लेख केला. मांडीवर फक्त पाच वर्षांखालचं मूल. प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट, आणि ती झाली की नाही हे डोळ्यांनी बघता यायला हवं. आणि पुढची सीट एकाला दिली की दुसऱ्याला मिळणार नाही, हे त्या दुसऱ्याच्या तोंडावर सांगायचं.

शेवटी माझी ओळ उरली. कंपनीत मोठमोठ्या साहेबांपुढे मी फडाफडा बोलते, पण इथे समोर बाबा होते.

"लग्न झालेल्या मुलीला भावाइतकाच सीटचा हक्क असावा," मी वाचलं. "हे माझ्यासाठीच लिहिलंय. मला गावी जायचंय. पाहुणी म्हणून नाही जायचं मला."

कुणी 'व्हय' म्हटलं नाही. कुणी 'नाय'ही म्हटलं नाही. बाबा कागदाकडे बघत होते. तात्यांनी घसा खाकरला.

"बाय माझे, तुझा खरा आसा. पण चेडू दिला, ता दिला. तेचा घर आता ता. ही रीतच आसा."

"व्हय म्हाराजा."

आवाज मोरीच्या बाजूने आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. माझी आई, सुभद्रा, एका हातात गाळणं आणि दुसऱ्या हातात चहाचं पातेलं घेऊन उभी होती. लग्न होऊन या मंडळात आल्यापासून आईने सभेत तोंड उघडलं नव्हतं. बायकांनी उघडायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

"तात्यांका व्हय म्हणतंस?" बाबांनी गोंधळून विचारलं.

"तात्यांका नाय. अक्षदाक," आई म्हणाली. "तिच्या वाक्याक व्हय."

"माझा पण व्हय," कालिंदीकाकू उठल्या. मग मोरीकडून एकामागून एक 'व्हय' येत राहिले, आणि खोलीत पुरुषांपेक्षा बायका जास्त आहेत हे पहिल्यांदाच मोजलं गेलं. नियम मंजूर झाला. बाबांनी तो कागदावर लिहिला. खोडला नाही त्यांनी.

मी हवेत तरंगत होते. दुसऱ्या आठवड्यात ऐकलं की शेजारच्या गावच्या मंडळानेही तसाच नियम केला. मग त्याच्या पलीकडच्या. नागपंचमीपर्यंत लालबाग-परळच्या कितीतरी खोल्यांत माझी ओळ शब्दशः मंजूर झाली होती. मला वाटलं, काय लिहिलंय मी! हे पसरवतंय कोण, असा साधा प्रश्न मात्र मला पडला नाही.

निघायच्या संध्याकाळी परळला रस्त्याच्या कडेला गावोगावच्या गाड्या लागल्या होत्या. मला मागच्या चाकावरची सीट मिळाली होती. जावयाबद्दल नियमात काही नव्हतं, म्हणून सम्यक घरीच राहिला होता. शेजारी माझा भाऊ मयूर बसलेला.

"आई कुठाय?" मी विचारलं.

मयूरने खिडकीतून बोट दाखवलं. पलीकडच्या गाडीवर आडवळीचा फलक होता. आडवळी म्हणजे आईचं माहेर. आणि आई, नवी साडी, हातात पिशवी, त्या गाडीच्या पायरीवर चढत होती. तिच्या पुढे-मागे सगळी तिच्याच वयाची बायकामंडळी, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी.

मी धावत खाली उतरले. "आई! अगं तू कुठे चाललीस?"

"माझ्या घराक," आई म्हणाली. "तुझोच नियम मा गो तो? आडवळेच्या मंडळाक मीच पाठवलंय. कालिंदीन तिच्या माहेराक पाठवल्यान." आणि माझा चेहरा पाहून तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "तू आसंस मा घराक. म्हणान जातंय निश्चिंत."

आमची गाडी सुटली. माझ्या शेजारच्या खांद्यावर मी डोकं ठेवलं, तर मयूर म्हणाला, "ए, लाळ गाळू नकोस हां."

गावी पोहोचलो आणि तेव्हा अख्ख्या खांबळवण्याच्या एक गोष्ट लक्षात आली. सुना आपापल्या माहेरी गेल्या होत्या. माहेरवाशिणी आल्या होत्या, पण माहेरवाशीण माहेरी काम करत नाही, ही रीत देवाच्याही आधीची. मग मोदक कोण करणार? हे आम्ही कुठल्याच सभेत लिहिलं नव्हतं. 'नाय' म्हणायच्या सभेतही कुणाला सुचलं नाही, कारण मोदक होतातच. सूर्य उगवावा असा नियम कुणी लिहितं का?

घराघरांतून पुरुष चुलीपुढे बसले. धोंडूतात्या आणि सीतारामकाका एकाच परातीत उकड मळत होते आणि पाणी कोणी जास्त घातलं यावरून मोकळेपणाने भांडत होते. आमच्या घरात बाबा कोपरापर्यंत तांदळाच्या पिठात बुडाले होते. मी पडवीत पाय पसरून बसले होते. माहेरवाशीण होते ना मी. मजा वाटायला हवी होती, पण चुलीपाशी आईची जागा रिकामी होती आणि माझं लक्ष तिकडेच जात होतं. ही सीट मी जिच्यासाठी मिळवली, तीच घरात नव्हती. मला तिचा मनापासून राग आला होता.

दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी भांडायच्या तयारीतच फोन उचलला.

आई पायरीवर बसली होती. तिच्या मागे उंच पाटावर तिची आई, माझी आजी, थरथरत्या हातांनी तिच्या केसांना तेल लावत होती. आईने डोळे मिटले होते. तिचे केस मी असे मोकळे कधी पाहिलेच नव्हते.

"काय करतेस?" मी विचारलं.

"काय्येक नाय," आई म्हणाली. "काय्येक करूचा नाय माका."

मागून आजी म्हणाली, "हलू नको गो, सुबी. मान सरळ धर."

सुबी. माझ्या आईला कुणी सुबी म्हणतं, हे मला माहीत नव्हतं. मयूरच्या जन्माआधीपासून गणपतीत ती आमच्याकडे शेकड्यांनी मोदक वळत होती, आणि तिला तेव्हा काय हवं असतं हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. त्या नियमांसाठी मी घरोघर फिरले, माटुंग्यापर्यंत गेले. आमच्या स्वयंपाकघरात मात्र नुसता चहा पिऊन निघाले होते.

"आई, पुढच्या वर्षी..." मी म्हणायला लागले.

"फुडच्या वर्साचा फुडे बगूया," ती म्हणाली. "ठेवतंय गो. फुगडेक बोलावतत." आणि तिने फोन ठेवला.

मी थोडी रडले. मग बाबा हातात वाटी घेऊन बाहेर आले. वाटीत त्यांनी केलेला पहिला मोदक होता, एका बाजूने फुटलेला, गूळ सगळा वाटीत आलेला. "खावन बग," म्हणाले आणि परीक्षेला बसल्यासारखे समोर उभे राहिले. मी खाल्ला. पारी जाड होती, मीठ पडलं नव्हतं, पण गरम होता. मी त्यांना म्हटलं, चांगला झालाय, आणि हात धुऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले.